सडा ओसाड नाही

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रात खड्डे खणायची लगबग सुरू होते. २०१६ साली १ जुलैला एकाच दिवसात २ कोटी रोपं लावण्याचा संकल्प राज्य सरकारने सोडला. पुढच्या वर्षी उद्दिष्ट ४ कोटींचं झालं, २०१८ मध्ये १३ कोटींचं आणि २०१९ मध्ये ३३ कोटींचं. आकडे पुढे कमी-जास्त झाले असतील, पण उत्साह ओसरलेला नाही. शाळा, तरुण मंडळं, कंपन्या, ग्रामपंचायती, सगळ्यांनाच रोपं लावायची असतात आणि सगळ्यांची अडचण एकच असते: जागा कुठली? गावठाणात मोकळी जमीन उरलेली नसते, पिकावर सावली नको म्हणून शेतकरी बांधावर झाड लावू देत नाही. मग नजर जाते ती डोंगरमाथ्यावरच्या पठाराकडे, गावाबाहेरच्या माळाकडे आणि कोकणात सड्याकडे, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाटीकडे. मे महिन्यात तिथे पाहावं तर काळपट तांबडा कातळ, करपलेलं गवत आणि सावलीला एक झाड नाही. इथे हिरवाई आणणं म्हणजे पुण्यकर्म, असं कुणालाही वाटावं.

तसं वाटतं आणि त्यातूनच सड्यांचा घात होतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत विलक्षण वनस्पती ज्या जागी राहतात त्यांत या कातळाचा क्रमांक फार वरचा आहे. तिथे झाडं नाहीत म्हणूनच बाकीचं सगळं आहे.

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसॉल्टचा डोंगर. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं या खडकावर पाऊस कोसळत राहिला. पाण्याने त्यातली सिलिका, चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि लोह नि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. तोच जांभा. कोकणात घरांच्या भिंती ज्या चिऱ्यांनी उभ्या राहतात तो हाच दगड. त्याच्यावर माती असलीच तर बोटभर, कित्येक ठिकाणी तीही नाही. आहे ती आम्लधर्मी आणि नत्र-स्फुरदाच्या बाबतीत कंगाल. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर, चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी मुरायला जागा कमी, त्यामुळे ते कातळावर साचून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. पावसाळा सरला की चित्र पार उलटतं. आठ महिने थेंब नाही, डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला दगड. मुळं गुदमरवणारं पाणी आणि जीव घेणारा कोरडेपणा एकाच जागी, एकाच वर्षात सोसायचा. बहुतेक झाडांना हे झेपत नाही. ज्यांना झेपलं त्या वनस्पती वीतभर उंचीच्या आहेत आणि त्यांनी शोधलेल्या युक्त्या थक्क करणाऱ्या आहेत.

पहिली युक्ती वेळेची. जूनच्या पहिल्या सरींबरोबर कंदवाले जागे होतात: दीपकाडी, काळी मुसळी, सापकांदे. आठ महिने जमिनीखाली साठवून ठेवलेल्या अन्नाच्या जोरावर ते इतरांच्या आधी पान किंवा फूल बाहेर काढतात आणि गवत वाढून ऊन अडवायच्या आत आपलं काम उरकतात. ऑगस्टमध्ये पांढऱ्या गेंदांची गर्दी होते, मग गुलाबी तेरडा, निळीजांभळी सीतेची आसवं, पिवळा कवला आणि पाऊस ओसरताना सोनकी. कासवर पंधरा-पंधरा दिवसांनी गालिचाचा रंग बदलतो तो यामुळे. दर पंधरवड्याला मातीतला ओलावा बदलतो आणि त्या-त्या ओलाव्यावर हक्क सांगणारी वनस्पती वेगळी असते. यांतल्या बऱ्याच जाती एकवर्षायू आहेत. काही आठवड्यांत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. पुढचं सगळं वर्ष ही जात त्या बोटभर मातीत बियांच्या रूपाने पडून असते. म्हणजे मे महिन्यात जो सडा मेलेला दिसतो, त्यात त्या वेळी लाखो बिया पावसाची वाट पाहत असतात.

दुसरी युक्ती अन्नाची. मातीत नत्र नाही, तर ते आणायचं कुठून? कवल्यासारख्या शेंगावर्गीय वनस्पतींनी मुळांवरच्या गाठींत जिवाणू पोसले आणि हवेतलं नत्र मिळवलं. दवबिंदूने, म्हणजे ड्रॉसेराने, दुसरा मार्ग धरला. त्याच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. उन्हात तो दवासारखा चमकतो, चिलट त्यावर बसतं आणि अडकतं. मग केस त्याच्याकडे वळतात, पाचकरस सुटतो आणि किड्याच्या देहातलं नत्र-स्फुरद पानात शोषलं जातं. चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग एकट्या ड्रॉसेराने व्यापला आहे. सीतेची आसवं हे नाव ज्या नाजूक फुलाला मिळालं ती युट्रिक्युलेरिया तर त्याहून पुढची. तिला खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत तिचे जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे फुगे पसरलेले असतात. फुगा आतलं पाणी सतत बाहेर टाकतो, त्यामुळे आत दाब कमी राहतो. तोंडाशी झडप असते. एखादा सूक्ष्म जीव झडपेजवळच्या केसाला लागला की ती उघडते, पाणी जिवासकट आत खेचलं जातं आणि झडप पुन्हा बंद होते. झडप उघडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती कासवर फोटो काढणाऱ्यांच्या पायाखाली चाललेली असते.

कातळातल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचून जी डबकी होतात, त्यांचं जग आणखी निराळं. तिथे वायतुरा उगवतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारेन्सिस आहे, १९८२ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि उत्तर सह्याद्रीची पठारं सोडून तो जगात कुठेही नाही. नर-मादी फुलं वेगळ्या झाडांवर आणि डबकं आटलं की सगळा संसार तळातल्या कंदात. त्याच डबक्यांत गवतासारखी दिसणारी आयसोइटिस असते. तिच्या एका जातीला पाचगणीचं नाव मिळालं आहे. कोळशाचे साठे ज्या अरण्यांतून बनले, त्या तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांतल्या महाकाय वृक्षांच्या वंशातली ही बोटभर वनस्पती. उथळ डबक्यात दिवसा सगळ्याच पानांना आणि शेवाळांना कार्बन डायऑक्साइड हवा असतो आणि पाण्यातला साठा बघता बघता संपतो. अमेरिकेतल्या अशाच डबक्यांतल्या आयसोइटिसवर जॉन कीली या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये दाखवून दिलं की ही वनस्पती तो वायू रात्री शोषून आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. निवडुंगासारख्या वाळवंटी वनस्पतींची ही रीत. तिथे ती पाणी वाचवायला असते. इथे पाण्यात बुडालेल्या वनस्पतीने ती वायूसाठी वापरली.

आता सर्वांत मोठी गोष्ट. पान वाळलं म्हणजे मेलं, हा नियम सड्यावर लागू होत नाही. उघड्या कातळाला चिकटलेली काही गवतं आणि नेच्यांच्या भावकीतल्या काही वनस्पती आपल्या पेशींतलं जवळजवळ सगळं पाणी गमावतात, कागदासारख्या कुरकुरीत होतात आणि पहिला पाऊस पडताच काही तासांत किंवा दिवसाभरात पुन्हा हिरव्या होतात. पाणी जाऊ लागतं तेव्हा या वनस्पती पेशींत विशिष्ट शर्करा आणि प्रथिनं भरून ठेवतात, त्यामुळे पेशींची नाजूक पटलं एकमेकांना चिकटून फाटत नाहीत. अशांना पुनरुज्जीवी वनस्पती म्हणता येईल. पश्चिम घाटातल्या अशा जेमतेम नऊ वनस्पती ठाऊक होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या डॉ. मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही यादी ६२ वर नेली. या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणात जन्मलेले, सड्यांच्याच मुलखातले. दुष्काळात तग धरणारी पिकं घडवायची तर कोरडेपणा सोसणारी यंत्रणा समजून घ्यावी लागेल, हे जगभरचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. ती यंत्रणा ज्या कातळावर चालू स्थितीत आहे, त्यावर सुरुंग लावणं किंवा खड्डे मारणं हा शहाणपणा नव्हे.

कंदीलपुष्पाची, म्हणजे सेरोपेजियाची गोष्ट अजून रंगतदार. खाली फुगीर, वर नळी, माथ्यावर जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा, असं हे फूल. बारीक माश्या वासाला भुलून आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले असल्याने बाहेर पडता येत नाही. दिवसा-दोन दिवसांनी केस कोमेजतात, माशी सुटते आणि परागांची पुडी घेऊन दुसऱ्या फुलात जाऊन अडकते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सेरोपेजियाच्या फुलाला जखमी मधमाशीसारखा वास येतो आणि अशा मधमाश्यांवर पोट भरणाऱ्या माश्या त्याला फसतात, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. आपल्याकडच्या कंदीलपुष्पांच्या बऱ्याच जाती फक्त भारतात आणि त्यातल्या अनेक सह्याद्रीतच आढळतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यातल्या दुर्मिळ जाती हुडकण्यात आणि वाढवण्यात उमेदीची वर्षं घातली. ते काम थोर आहे. पण कुंडीत कंद वाढवता येतो, माशी, कातळ आणि पाऊस यांचं नातं कुंडीत वाढवता येत नाही.

कारवी तर सर्वांनाच ठाऊक आहे. कासवर ती टोपलीसारख्या गोल झुडपाच्या रूपात भेटते, म्हणून टोपली कारवी. सात-आठ वर्षं नुसती पानं आणि मग सगळ्यांनी एकदम फुलायचं. बिया खाणारे कितीही आले तरी एका हंगामात इतकं बी त्यांच्याने संपत नाही आणि पुढची पिढी उभी राहते.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सड्यावर प्रत्येक वनस्पतीची जागा काही इंचांनी ठरते. उघड्या कातळावर एक जात, त्याला लागूनच्या बोटभर मातीत दुसरी, पाणी झिरपतं त्या कडेला तिसरी, डबक्यात चौथी. तिथे दोन फुटांचा खड्डा खणला की त्या जागेचा पाण्याचा हिशोबच बदलतो. आसपासची माती ओढून खड्डा भरला की तिच्यातला बियांचा साठा गाडला जातो. रोप जगलं नाही तर एवढ्यावर निभावतं. जगलं तर जास्त हानी होते. अशा जागी बहुधा गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते, कारण ती कुठेही तगते. दोन्ही परदेशी, दोन्ही शेंगावर्गीय. त्यांचा पाचोळा पडू लागतो, जमिनीत नत्र वाढतं, सावली पडते. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण गरीब मातीतच ज्यांचं चालतं त्या दवबिंदूला आणि सीतेच्या आसवांना खतावलेल्या जमिनीत उंच गवतांपुढे टिकाव धरता येत नाही. शेतातली माती सुधारणं आणि सड्यावरची माती सुधारणं या परस्परविरोधी गोष्टी आहेत.

वृक्षारोपण हा एकच धोका मात्र नव्हे, आणि सगळा दोष त्याच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या. साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते आले. कोकणात चिरेखाणी आहेत आणि आता सर्वांत वेगाने पसरतात त्या आंब्याच्या बागा. कातळात सुरुंगाने खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि कलम लावायचं. या मागचं अर्थकारण नाकारता येणार नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणातल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. सड्यांची जमीन मोठ्या प्रमाणात खासगी मालकीची आहे. मालकाला त्यातून दमडीही मिळत नसेल तर त्याने ती कोणासाठी राखायची, या प्रश्नाला पर्यावरणाच्या चळवळीकडे आजवर समाधानकारक उत्तर नाही.

उत्तर द्यायची पहिली जबाबदारी सरकारची, कारण हा घोळ मुळात कागदावरचा आहे. सातबाऱ्यावर असा कातळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी जमीन, म्हणून नोंदला जातो. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने आणि राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने मिळून काढलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा प्रकार आहे, आणि तो पडीक जमिनींच्याच यादीत आहे. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशातली सुमारे ५.५८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक ठरते. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही करणं हा विकास होतो: खाण, कारखाना, सौर प्रकल्प, वृक्षलागवड. जे कास २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा ठरलं, त्याच्यासारख्याच खडकाचं, त्याच्यासारख्याच वनस्पतींचं एखादं पठार पन्नास मैलांवर निव्वळ पोटखराबा असू शकतं. हा विरोधाभास कोणत्याही सरकारने आजवर गांभीर्याने घेतलेला नाही. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारखे अभ्यासक सड्यांना स्वतंत्र परिसंस्था मानण्याची गरज अनेक वर्षं मांडत आले आहेत आणि त्यांचं म्हणणं सरकारी नोंदींत उतरायला हवं.

कोकणचे सडे तर अजून पुरते अभ्यासलेलेही नाहीत. गोव्यात भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातल्या अशाच कमी उंचीच्या जांभ्याच्या पठारावर गवताची एक नवी जात सापडली आणि २०२० मध्ये तिला गोवा विद्यापीठातले प्रा. जनार्थनम यांचं नाव देण्यात आलं. गवत! जे रोज गुरं खातात, माणसं तुडवतात, त्यात नवी जात निघते. जिथे मोजदादच झालेली नाही तिथे काय गमावलं हेही कळणार नाही.

माणसाला इथून हाकलून द्या, असा याचा अर्थ मुळीच नाही. सड्यावर माणूस फार जुना आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत, कशेळीचा प्रचंड हत्ती त्यांपैकीच, आणि ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पिढ्यान् पिढ्या तिथे गुरं चरली, गवत कापलं गेलं. कासवर संरक्षणासाठी कुंपण आलं, चराई थांबली आणि गवत माजून फुलं कमी झाल्याची तक्रार आसपासच्या गावकऱ्यांनीच केली. ती ऐकण्यासारखी आहे. गुरांनी उंच गवत खाल्लं की खालच्या इवल्या वनस्पतींना ऊन मिळतं, हे साधं गणित आहे. त्याच कासवर आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या पर्यटकांची रोजची संख्या मर्यादित ठेवतात, शुल्क घेतात आणि स्थानिक तरुणांना त्यातून काम मिळतं. त्यात उणिवा आहेत, शनिवार-रविवारची गर्दी अजून आवरत नाही. तरीही सडा न फोडता गावाला चार पैसे मिळू शकतात याचा तो चालता-बोलता पुरावा आहे. कोकणातल्या खासगी मालकांना असा मोबदला का मिळू नये? झाडं लावण्यासाठी अनुदान देणाऱ्या सरकारला सडा सडाच ठेवण्यासाठी अनुदान देणं अवघड नाही.

आणि पाण्याचं काय? जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेल्या पावसाचा एक वाटा त्यात मुरतो आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. त्या झऱ्यांवर कोकणातल्या कित्येक वाड्या उन्हाळा काढतात. वरचा सडा सुरुंगांनी फोडला, की खालच्या विहिरीचं काय होईल याचा विचार खड्ड्याचा नकाशा काढताना कुणी करत नाही.

झाडं लावायला विरोध करण्याचं कारण नाही. तोडलेल्या रानाच्या उतारांवर, ओढ्यांच्या काठांवर, शहरांतल्या रस्त्यांवर, उजाड देवराईंत ती लावावीत, स्थानिक जातींची लावावीत आणि जगवावीत. कार्बन शोषायला झाडं हवीतच. पण बोटभर मातीत खुरटलेलं रोप किती कार्बन शोषणार, हेही एकदा तपासून बघावं.

तेव्हा ग्रामपंचायतींना, शाळांना, सामाजिक निधीतून रोपं वाटणाऱ्या कंपन्यांना आणि वन विभागाला एवढीच विनंती आहे. उन्हाळ्यात जागा पाहून पावसाळ्यात खड्डे मारू नका. निवडलेली जागा आधी एक पूर्ण पावसाळा, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, नियमित जाऊन पाहा. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना सोबत न्या, गुराख्यांना विचारा, जे दिसेल त्याची यादी करा. त्या यादीत दवबिंदू, गेंद, वायतुरा किंवा सीतेची आसवं आली, तर तिथे एकही खड्डा खणू नका आणि ग्रामसभेत ठराव करून ती यादी जैवविविधता नोंदवहीत चढवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही नोंदवही प्रत्येक गावाच्या हातात दिलेली आहे.